पुना ‘लागू’ नये म्हणून: अर्जेंटिनाच्या उंच वाळवंटात निघालेल्या चौघांना उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सांगलीचे चौघे, वयं ५४ ते ६३. लेह-लडाख दोनदा झालंय, खारदुंग ला पार केलाय. येत्या नोव्हेंबरात अर्जेंटिनातल्या साल्ता शहरातून गाडी भाड्याने घ्यायची, स्वतः चालवायची आणि आठ दिवसांत सालिनास ग्रांदेसचं मिठागर, तोलार ग्रांदे गाव, आरिसारोचं मीठ, गालान ज्वालामुखी आणि पिएद्रा पोमेस बघून परत यायचं. दोघे शाकाहारी. आणि शेवटचं वाक्य, ‘लडाखची सवय आहे, त्यामुळे उंचीचं टेन्शन नाही.’

किलोमीटर आठ दिवसांत बसतील. उंची बसणार नाही. आणि मला काळजी वाटते ती त्या शेवटच्या वाक्याची.

आधी नावाची गंमत. तुम्ही चाललात ते उंच वाळवंटी पठार म्हणजे पुना. ‘पुना’ हा अँडीजमधल्या केचुआ भाषेतला शब्द, अर्थ उंचावरचा थंड, उघडा माळ. विमानतळावर एकदा मी ‘पुना ते पुना’ असं म्हणाले आणि अधिकाऱ्याने पासपोर्ट दोनदा उलटून पाहिला. पण खरी गोष्ट पुढे आहे. तिथे उंचीच्या त्रासालाही पुनाच म्हणतात. आपल्याकडे घाटात गाडी लागते, तशी तिथे माणसाला पुना लागते. गावातली म्हातारी तुमच्याकडे बघून ड्रायव्हरला विचारते, ‘आपुनादो?’, म्हणजे याला लागलीय का?

लेहमध्ये तुम्ही विमानाने उतरलात, हॉटेलवाल्याने दोन दिवस हलू दिलं नाही, आणि काही झालं असतं तर दहा मिनिटांवर असं रुग्णालय होतं जिथे उंचीच्या त्रासाचे पेशंट रोज बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाने खाली यायची सोयही होती. पुनामध्ये यातलं काही नाही. तोलार ग्रांदे साधारण ३,५०० मीटरवर, म्हणजे लेहइतकंच. गावात छोटं आरोग्य केंद्र आहे. खरं रुग्णालय गाठायला सान आंतोनियो दे लोस कोब्रेसला यावं लागतं, दोनशेहून जास्त किलोमीटर, बहुतेक कच्चा रस्ता. आणि त्या वाटेवर आल्तो चोरीयोची खिंड आहे, ४,५६० मीटर. सान आंतोनियो स्वतः ३,७७५ मीटरवर. तिथून साल्त्याला उतरायचं म्हटलं तरी आधी आब्रा ब्लांकाची ४,०८० मीटरची खिंड चढावी लागते.

नकाशा बघताना हे लक्षात येत नाही. पुना म्हणजे उभ्या काठांची परात आहे. तुम्ही तळाशी झोपलेले असता आणि बाहेर पडायचे सगळे रस्ते काठावरून जातात. उंचीच्या त्रासावर एकच हुकमी औषध आहे, खाली उतरणं. आणि इथे उतरायला आधी चढावं लागतं. दक्षिणेकडे एल पेन्योन गावातून बेलेनकडे निघालात तरी पास्तो वेंतुराची खिंड जवळपास ४,००० मीटरची आहेच.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, हिमालयात पंधरा ट्रेक केलेले. एल पेन्योनला दोन रात्री त्यांचं डोकं दुखत होतं, पण त्यांनी सांगितलं नाही. एवढे पैसे भरलेत, गालान चुकवायचं कसं? तिसऱ्या दिवशी आम्ही वर निघालो. साडेचार हजाराच्या पुढे ते एकदम गप्प झाले. मग मला माझ्या नावाऐवजी त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मी गाडी थांबवली आणि जमिनीवर ओढलेल्या रेषेवर टाचेला बोट लावत चालायला सांगितलं. तिसऱ्याच पावलाला ते कलले. ही मेंदूला सूज येत असल्याची खूण, तिथे चर्चा करायची नसते. मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोन दिलं, ऑक्सिजन लावला आणि गाडी वळवली. बेलेन सव्वाबाराशे मीटरवर आहे. तिथे पोहोचेपर्यंत रात्र झाली, आणि मधल्या खिंडीतला तो अर्धा तास मी अजून विसरलेले नाही. ते बरे झाले. चूक माझी होती. सकाळी प्रत्येकाला समोर बसवून विचारायला हवं होतं, नाश्त्याच्या टेबलावर ‘सगळे ठीक ना?’ असं मोघम नव्हे. आता मी जोड्या लावते: प्रत्येकाने जोडीदाराबद्दल सांगायचं, स्वतःबद्दल नाही. दुसऱ्याची तक्रार करायला आपल्याला संकोच नसतो.

म्हणून तुमचा क्रम बदला आणि दिवस तेरा-चौदा करा. साल्ता ११५० मीटरवर, तिथे एक रात्र. मग उत्तरेला तिल्कारा, साधारण २,४६० मीटर, तिथे तीन रात्री. त्यातला एक दिवस कुएस्ता दे लिपानचा ४,१७० मीटरचा घाट चढून सालिनास ग्रांदेस बघायचं आणि संध्याकाळी तिल्कारालाच झोपायला यायचं. शरीराला वरची चुणूक मिळते आणि झोप खालची मिळते. पाचव्या दिवशी सान आंतोनियो. ही उडी मोठीच आहे, म्हणून त्या दिवशी पोहोचल्यावर सूप पिऊन झोपणं हाच कार्यक्रम. पुढे तोलार ग्रांदेला दोन रात्री, मग आंतोफागास्ता दे ला सिएरा आणि एल पेन्योन मिळून चार रात्री (दोन्ही ३,३०० ते ३,४०० च्या आसपास), आणि सर्वांत उंच गालान सगळ्यांत शेवटी. परतीचा रस्ता बेलेन, काफायातेवरून. हाच फेरा उलटा करू नका.

गोळीबद्दल विचारलंत. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दोन वेळा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको. रात्री श्वास काही सेकंद थांबतो आणि माणूस दचकून उठतो. साडेतीन हजारांवर हे बहुतेकांना होतं, त्याला घाबरू नका. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, तोल जाणं, यांना मात्र घाबरा. कोकाची पानं सगळीकडे मिळतील. चघळणं आणि त्यांचा चहा पिणं अर्जेंटिनात कायदेशीर आहे. तरतरी येते, त्रास बरा होत नाही. आणि उरलेलं एकही पान, चहाची पुडीसुद्धा, बॅगेत ठेवू नका. आपल्या १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यात कोकाचं पान बसतं.

आता जे बघायला चाललात त्याबद्दल, कारण फोटोंमुळे लोकांच्या अपेक्षा भलत्याच होतात.

इतकं मीठ आलं कुठून, हे सांगलीकराला समजावणं सोपं आहे. शिराळ्यात पाऊस कोसळतो तेव्हा जतमध्ये टँकर फिरत असतात, कारण मधला सह्याद्री ढग पिळून घेतो. पुनाला असे दोन बाजूंनी अडवलंय. पूर्वेकडून येणारी अ‍ॅमेझॉनची वाफ पूर्वेकडच्या डोंगरउतारांवर रिकामी होते, आणि पश्चिमेला पॅसिफिकमधला हम्बोल्टचा थंड प्रवाह हवा इतकी स्थिर ठेवतो की ढग वर चढतच नाहीत. जे थोडं पाणी पडतं किंवा बर्फातून वितळतं, त्याला समुद्राकडे जायला वाट नाही. परातीत साठतं आणि उडून जातं. मिरज-वाळवा भागातली क्षारपड शेतं तुम्ही पाहिली आहेत. पाणी वर येऊन उडतं आणि मागे पांढरी खपली राहते. तीच गोष्ट ज्वालामुखीच्या राखेतून झिरपलेल्या पाण्याबरोबर लाखो वर्षं चालू राहिली, की आरिसारो होतं.

आणि आरिसारो सपाट, पांढरंशुभ्र नाही. बोलिव्हियातल्या उयुनीचे आरशासारखे फोटो डोक्यात ठेवून जाल तर निराश व्हाल. तो आरसाही पावसाळ्यात, जानेवारी ते मार्चमध्येच होतो. आरिसारोचं मीठ मातकट आणि नांगरलेल्या ढेकळांसारखं आहे, कडा इतक्या धारदार की बुटाचा तळ फाटतो. सोळाशे चौरस किलोमीटर पसरलेल्या त्या ढेकळांत अचानक एक काळा शंकू उभा दिसतो, कोनो दे आरिता. पट्टीने काढावा तसा त्रिकोण, शंभर-सव्वाशे मीटर उंच. संध्याकाळी पाच नंतर जा. दुपारी तो नुसता ढिगारा वाटतो, ऊन कललं की सावलीसह दुप्पट होतो.

तोलार ग्रांदेजवळच ‘ओहोस दे मार’ म्हणजे समुद्राचे डोळे आहेत, मिठात पडलेली निळ्या-हिरव्या खाऱ्या पाण्याची कुंडं. त्यांत सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून केलेले जिवंत खडक आहेत, पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या जीवसृष्टीचा नमुना. पाय बुडवू नका, काठावर वाकून उभेही राहू नका. कवच खालून पोकळ असतं. आकाश स्वच्छ असेल तर याच भागातून युयाइयाको दिसतो, ६,७३९ मीटरचा ज्वालामुखी. १९९९ साली त्याच्या माथ्यावर इंका काळातली तीन मुलं थंडीने जशीच्या तशी राहिलेली सापडली. ती साल्त्याच्या संग्रहालयात आहेत, आळीपाळीने एकच दाखवतात. बघावं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी एकदा पाहिलं, आता गटाला दारापर्यंत नेते आणि बाहेरच्या बाकावर बसते.

ज्वालामुखींकडे येते, कारण हा माझा मूळ विषय. अठरा वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. आपण मराठी माणसं लाव्हावर जन्मतो, लाव्हाच्या दगडाची घरं बांधतो, आणि ज्वालामुखी मात्र कधी पाहिलेला नसतो. आपला बेसाल्ट सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः भेगांमधून पसरला, शंकू उरले नाहीत. आंतोफागास्ता दे ला सिएरा गावाबाहेर दोन काळे शंकू आहेत, ला आलुम्ब्रेरा आणि आंतोफागास्ता. त्यांचा दगड हातात घ्या, आपल्या काळ्या पाषाणाचा चुलतभाऊ निघेल, फक्त बुडबुड्यांनी सच्छिद्र आणि कालच थंड झाल्यासारखा ताजा. चढायला तासभर लागतो, पण कोळशाच्या ढिगावर चालल्यासारखं एक पाऊल पुढे, अर्धं मागे. माझ्या मते गालानपेक्षा हा तास जास्त शिकवतो.

(गावाचं पूर्ण नाव लिहिलंय कारण चिलीमध्ये समुद्रकाठी आंतोफागास्ता नावाचं मोठं शहर आहे. हॉटेल बुक करताना देश तपासा. हसू नका, झालेलं आहे.)

गालानची अडचण अशी की तो दिसत नाही. सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी एका प्रचंड स्फोटात जमीन रिकामी होऊन खचली आणि ३५ बाय २० किलोमीटरचं कुंड तयार झालं. पुण्याहून तळेगावपर्यंत लांब. आत उभं राहिलं की चहूकडे लांब डोंगर दिसतात, त्या डोंगरांनाच काठ म्हणायचं हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. भूशास्त्रज्ञांनाही तो १९७०च्या दशकात अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांमुळे ओळखता आला. आत लागुना दियामान्ते आहे, साडेचार हजारांच्या वर, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७-५८ टक्के. त्या आर्सेनिकयुक्त पाण्यातही फ्लेमिंगो चरत असतात. भिगवणला रोहित पाहिले असतील तर इथे पाय बघा: पिवळे पाय असतील तर अँडियन, विटकरी असतील तर जेम्सचा, राखाडी पायांवर गुलाबी गुडघे असतील तर चिलीचा.

पिएद्रा पोमेस म्हणजे प्युमिसचं, ज्वालामुखीतून निघालेल्या हलक्या सच्छिद्र दगडाचं मैदान, तुमच्या यादीतलं सर्वांत सुंदर ठिकाण आणि जायला सर्वांत अवघड. सेरो ब्लांको हा ज्वालामुखी हजारो वर्षांपूर्वी फुटला तेव्हाची ही ठेव. पांढऱ्या-गुलाबी लाटा, माणसापेक्षा उंच, वाऱ्याने कोरलेल्या, हजारोंनी. शेवटचे काही किलोमीटर मऊ वाळू आहे. चाकातली हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवल्याशिवाय गाडी जात नाही, आणि परत आल्यावर ती भरायला पंप सोबत हवा. वाटेत काराची पाम्पाचा काळाकुट्ट शंकू आणि पायथ्याचं तळं लागतं. तिथे सकाळी पोहोचा.

त्यामुळे स्वतः गाडी चालवण्याबद्दल माझं मत असं: तिल्कारा, सालिनास ग्रांदेस, सान आंतोनियोपर्यंत खुशाल चालवा. पुढे स्थानिक माणूस आणि त्याची गाडी घ्या, चौघांसाठी खर्च परवडतो. भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या वाटेवर काय काय वगळतो ते वाचलंत तर माझं म्हणणं आपोआप पटेल. मिठाचं मधलं कवच भक्कम, पण काठाशी खाली चिखल असतो. तिथे रुतलेली गाडी फळ्या टाकून काढायला आम्हाला एकदा पाच तास लागले. तोलार ग्रांदे ते आंतोफागास्ता या टप्प्यात डिझेल मिळणार नाही असं धरून जेरीकॅन भरा. दोन स्टेपनी. आणि गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे करा. दुपारी एकनंतर वारा सुटतो. पाठीमागून वारा असताना दार उघडलं की ते हातातून सुटून बिजागरीसकट उलटं वळतं. हे नवख्यांच्या गाडीला हमखास होतं.

शाकाहारी दोघांसाठी. ‘सिन कार्ने’ म्हटलं की कोंबडी येते, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी बीफ. कोंबडी नको, हॅम नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. किन्वाचं सूप, चीजच्या एम्पानादा, बटाटा, भोपळा, अंडी मिळतात. सान आंतोनियोच्या पुढे निवड संपते. सोबत भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी न्या. चार हजार मीटरवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं. उघड्या भांड्यात तूरडाळ रात्रभर शिजत राहील आणि सकाळीही टणकच असेल. छोटा कुकर न्या आणि मूग किंवा मसूर. आमच्या कुकरची शिट्टी ऐकून एल पेन्योनची मालकीणबाई पहिल्या वेळी अंगणात पळाली होती, आता ती स्वतः मुगाची खिचडी मागते.

लिथियमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वाटेत ओम्ब्रे मुएर्तोच्या मिठागराजवळ ट्रक दिसतील तेव्हा विचाराल. तिथे १९९०च्या दशकापासून लिथियम काढतात. काही प्रकल्पांत खारं पाणी उपसून तळ्यांत वाळवतात, गोडं पाणीही लागतं, आणि या प्रदेशात गोडं पाणी म्हणजे चार-दोन ओढे आणि त्यांच्या काठचं लामांचं कुरण. मार्च २०२४ मध्ये कातामार्का प्रांताच्या न्यायालयाने लोस पातोस नदीच्या खोऱ्यात नवे परवाने थांबवले, एकत्रित परिणामांचा अभ्यास होईपर्यंत. यात आपणही आहोत. १५ जानेवारी २०२४ रोजी भारत सरकारच्या ‘काबिल’ कंपनीने याच प्रांतात पाच क्षेत्रांसाठी करार केला, १५,७०३ हेक्टर. तिथला मेंढपाळ ‘इंदिया?’ म्हणून विचारतो तेव्हा त्याला हल्ली सिनेमा आठवत नाही.

कागदपत्रांतली एकच गोष्ट सांगते, कारण लोक तिथेच अडकतात. पुनामध्ये डास नाहीत, पण पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड लागतं, ते परत येताना. भारताच्या यादीत अर्जेंटिना आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत कार्डाशिवाय मुंबईत उतरलात तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, कार्ड दहा दिवसांनी लागू होतं. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. म्हणून तुमच्यातल्या ६३ वर्षांच्या गृहस्थांनी आधी डॉक्टरांकडे जावं, मग तिकिटं काढावीत.

नोव्हेंबर चांगला निवडलात. रात्री शून्याच्या खाली जाईल पण जुलैतल्या वजा वीससारखी नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या पावसाने ओढे फुगून रस्ते तुटायच्या आधी तुम्ही बाहेर असाल. ऑगस्ट ते ऑक्टोबरचा वारा तोवर थोडा नरमलेला असतो. गडद गॉगल, कान झाकणारी टोपी, ओठांना तूप किंवा पेट्रोलियम जेली, नाकात लावायलाही तेच. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा.

चौघांच्या चालू औषधांची यादी आणि नव्या क्रमाने केलेला दिवसवार आराखडा पाठवा, प्रत्येक रात्रीपुढे झोपायच्या ठिकाणची उंची लिहून. वाटेतली खिंड वेगळ्या रकान्यात लिहा.